सोनूबाईंचा श्वास

"…मग एवढं भौतिकशास्त्र मी शिकले कशासाठी, सर?"

ऋजुता सबनीस तावातावाने विचारत होती. मणेरीकर सर आरामखुर्चीत बसून ऐकत होते. दम्याने ते पार खंगले होते, पण जुना विद्यार्थी दारात दिसला की अजूनही सावरून बसत.

सरांचे विद्यार्थी भलतीकडेच रमले होते. एक भूकंपांच्या मागे लागला होता, तर एकजणी झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं चढतं ते शोधत बसली होती. ऋजुताच्या मते ही सगळी वाट चुकलेली मंडळी. ताऱ्यांच्या पोटातलं गणित मांडणारी ती एकटीच काय ती खरी. पण ताऱ्यांकडे नोकऱ्या कुठे असतात? शेवटी ती कर्करोगाच्या रुग्णालयात लागली. रुग्णाला किरण कुठे आणि किती द्यायचे, हे ठरवायचं काम.

तिचं पहिलंच गणित डॉक्टरांनी सगळ्यांसमोर परत केलं होतं. सोनूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या फुप्फुसात गाठ होती आणि ऋजुताने किरण त्या गाठीवर अगदी नेमका धरला होता.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"गणित देखणं आहे म्हणाले… पण बाई श्वास घेतात. गाठ हलते. सगळे हसले, सर. उद्या मी नोकरी सोडतेय. असलं ओबडधोबड काम माझं नाही."

सरांनी तिचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

"हलतंय?"

"हो."

"थांब. तुझ्या गणितात बसतो."

आणि त्यांनी श्वास रोखला.

तिच्या तळहाताखाली सगळं निश्चल झालं…

ऋजुता आधी हसली. मग सरांच्या कपाळावरची शीर फुगली, ओठ काळसर दिसू लागले. सर तिच्याकडे शांतपणे बघत होते.

"सर, पुरे…"

सर तसेच.

सरांवर तिचा वडिलांइतका जीव होता. तिचं शास्त्र, तिचा अपमान, सगळं ती विसरली.

"श्वास घ्या, सर… श्वास घ्या ना." ती रडायलाच लागली.

सरांनी श्वास सोडला. पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ त्यांची पाठ चोळत राहिली.

खोकला थांबल्यावर सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"‘श्वास घ्या’… हेच उद्या सोनूबाईंना सांग," ते म्हणाले, "आणि मग गणिताला बस."