पट्टूला कुरुम मिळेना

एक होती खार. तिचं नाव झुपकी. शेपटी मोठी, खार छोटी.

झुपकी राहायची शेवग्याच्या झाडावर. झाडाशेजारी होती विसूकाकांची गॅलरी. गॅलरीच्या आत काकांचं स्वयंपाकघर. झाडावरून उडी मारली, टुणकन, की झुपकी गॅलरीत.

झुपकीला एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव पट्टू. पट्टूला कालच दात आले होते. वर दोन, खाली दोन. दात आले आणि त्याची बडबड सुरू झाली.

"तायडे, मऊ नको. तायडे, कुरुम दे."

कुरुम म्हणजे काय? चावलं की जे वाजतं, ते कुरुम.

"आज आणते हं," झुपकी म्हणाली. "अगदी नक्की आणते."

त्या सकाळी विसूकाकांनी एअर फ्रायरमध्ये भेंडी केली. छान खरपूस, कुरकुरीत. त्यातली एक फोड त्यांनी कठड्यावर ठेवली. ती झुपकीची. काका रोज तिची एक ठेवायचेच.

झुपकीने भेंडी उचलली. पण पट्टू तर गाढ झोपलेला. आणि समोर तारेवर कावळा टपून बसलेला. मग झुपकीने काय केलं? खारीचीच जात ती. मोगऱ्याच्या कुंडीत खड्डा केला, खुर खुर खुर. भेंडी आत पुरली. वर माती सारली. आणि मोठी शहाणी असल्यासारखी शेपटी फुलवून बसली.

तेवढ्यात काका झारी घेऊन आले. त्यांनी मोगऱ्याला पाणी घातलं. झुळ झुळ झुळ.

झुपकीने घाईघाईने माती उकरली. भेंडी निघाली, पण कशी निघाली? मऊ मऊ. गिळगिळीत. चिखलात लडबडलेली. झुपकीने चावून पाहिली. वाजेना. पुन्हा चावून पाहिली. वाजेचना. हातातोंडाशी आलेला घास गेला. झुपकीला रडू आलं.

तिकडे झाडावर पट्टू जागा झाला. "तायडे, कुरुम?"

"आणते रे राजा," झुपकी म्हणाली. तिने डोळे पुसले आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुणकन.

झुपकी गेली विसूकाकांकडे. काका खुर्चीत पेपर वाचत होते.

"काका, काका, पट्टूला कुरुम मिळेना. एक भेंडी द्या ना."

काका म्हणाले, "अगं झुपके, सकाळची संपली की. दुसरी आत्ताच धुतलीय. फ्रायर भाजेल, तर मी देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टुणकन.

झुपकी गेली फ्रायरकडे. फ्रायर ओट्यावर बसला होता. गोल पोटाचा, काळा काळा.

"फ्रायरदादा, फ्रायरदादा,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तू भेंडी भाज ना."

फ्रायर म्हणाला, "घुर्रर्र. मी नाही भाजणार. अख्खी भेंडी आतून कच्ची राहते. विळी चिरेल, तर मी भाजेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टुणकन.

झुपकी गेली विळीकडे. विळी कोपऱ्यात बसली होती, नाक वर करून. झुपकी जरा लांबच उभी राहिली. विळीशी लांबूनच बोलावं.

"विळीबाई, विळीबाई,
फ्रायर भाजेना,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तू भेंडी चीर ना."

विळी म्हणाली, "खच्च. मी नाही चिरणार. ओली भेंडी चिरली की बुळबुळीत तार सुटते. मग सगळा चिकटा. पंचा पुसेल, तर मी चिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टुणकन.

झुपकी गेली पंच्याकडे. पंचा गॅलरीत दोरीवर लटकत होता. तुम्ही म्हणाल, घरात दुसरं फडकं नव्हतं का? चांगली पाच होती. पण विसूकाकांना भेंडी पुसायला तोच जुना, मऊ पंचा लागायचा. काही माणसांचं असतं तसं.

"पंचोबा, पंचोबा,
विळी चिरेना,
फ्रायर भाजेना,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तू भेंडी पूस ना."

पंचा म्हणाला, "टप टप. मी कसा पुसणार? मीच ओला गच्च. ऊन पडेल, तर मी पुसेन."

झुपकीने वर पाहिलं. गॅलरीत सावली होती. ऊन बाहेरच थांबलं होतं, शेवग्याच्या शेंड्यावर.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुणकन.

"उन्हा, उन्हा,
पंचा पुसेना,
विळी चिरेना,
फ्रायर भाजेना,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तू गॅलरीत पड ना."

ऊन म्हणालं, "मी कसं पडणार? सकाळपासून बघतंय. वरच्या मजल्यावरची चादर आडवी आलीय. चादर सरकेल, तर मी पडेन."

खरंच होतं ते. वरच्या मजल्यावर राहायच्या मंदाकाकू. त्यांनी चादर वाळत घातली होती. चादर एवढी लांब, एवढी लांब, की वरून लोंबत थेट विसूकाकांच्या गॅलरीसमोर. काकांना सावली दिसली होती. पण वर जाऊन सांगायचं कसं, म्हणून ते पेपर वाचत बसले होते. भारी भिडस्त माणूस.

झुपकीला कसली भीड?

सरसर, सरसर, पाइपवरून वर.

"चादरताई, चादरताई,
ऊन पडेना,
पंचा पुसेना,
विळी चिरेना,
फ्रायर भाजेना,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तू बाजूला सरक ना."

चादर म्हणाली, "फडफड. मी कशी सरकणार? हे बघ, दोन्हीकडून चिमट्यांनी धरलंय. काकू उठतील, तर मी सरकेन."

तिकडे झाडावरून हाक आली. "तायडे, कुरुम?" या वेळी आवाज बारीक होता. झुपकीचे पाय दुखायला लागले होते.

पण थांबून कसं चालेल?

तुरुतुरु, तुरुतुरु, टुणकन.

झुपकी गेली मंदाकाकूंकडे. काकू आत, गॅलरीच्या दाराजवळ जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर बाळ. बाळ रडत होतं. ट्यँहँ, ट्यँहँ, ट्यँहँ.

"काकू, काकू,
चादर सरकेना,
ऊन पडेना,
पंचा पुसेना,
विळी चिरेना,
फ्रायर भाजेना,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तुम्ही जरा उठा ना."

काकू म्हणाल्या, "कशी उठू गं बाई? खुळखुळा वाजवून झाला. गाणं म्हणून झालं. हात दुखून आले माझे. बाळ हसेल, तर मी उठेन."

झुपकी बाळासमोर गेली. बाळाचं तोंड लाल लाल झालं होतं. नाकही वाहत होतं.

"बाळा, बाळा,
काकू उठेनात,
चादर सरकेना,
ऊन पडेना,
पंचा पुसेना,
विळी चिरेना,
फ्रायर भाजेना,
काका देईनात,
पट्टूला कुरुम मिळेना.
तू जरा हास ना."

बाळ म्हणालं, "ट्यँहँ. मी नाही हसणार. कोणी बुवा कुक करेल, तर मी हसेन."

आता कोणाकडे जायचं? वाऱ्याकडे? कावळ्याकडे? झुपकी इकडे बघते. झुपकी तिकडे बघते. पुढे कोणीच नाही.

मग झुपकी कठड्याच्या खांबामागे लपली. एकदम गुडूप. बाळ रडायचं थांबलं. खार कुठे गेली?

बुवाऽऽऽ...

बाळाने मान वाकडी केली.

कुक!

बाळ बघतच राहिलं. मग त्याचा एक गाल हलला. मग दुसरा गाल हलला. झुपकी पुन्हा लपली.

बुवाऽऽऽ... कुक!

आणि बाळ हसलं. खुद् खुद् खुद्. असं हसलं की त्याला उचकी लागली.

बाळ हसलं, तशा काकू उठल्या. "सुटले बाई," म्हणाल्या. बाळाला कडेवर घेऊन गॅलरीत आल्या. खाली वाकून पाहतात तर काय, आपली चादर विसूकाकांच्या दारात.

"अहो विसूभाऊ," काकूंनी वरून हाक मारली, "सांगायचं नाही का? तुमचं सगळं ऊन अडवलं की मी."

"असू दे, असू दे वहिनी," काका पेपरमागून म्हणाले.

काकू उठल्या, तशी चादर सरकली. सर्रर्र.

चादर सरकली, तसं ऊन पडलं. अख्ख्या गॅलरीत. पिवळंधमक, कडकडीत.

ऊन पडलं, तसा पंचा वाळला. कोरडा ठाक. काकांनी पेपर ठेवला. पंचा घेतला. एक एक भेंडी पुसली. शेंड्यापासून देठापर्यंत.

पंच्याने भेंडी पुसली, तशी विळीने चिरली. खच्च खच्च खच्च. लांब लांब, बारीक बारीक. एक तार सुटली नाही. विळीने नाक आणखी वर केलं.

विळीने चिरली, तशी काकांनी भेंडी परातीत घेतली. वर चमचाभर तेल. चिमूटभर हळद. थोडं तांदळाचं पीठ. मग भेंडीला तिखट लावलं. पण त्याआधी चार काप बाजूला ठेवले.

"हे बिनतिखटाचे," काका म्हणाले. "लहान दातांसाठी."

म्हणजे काकांनी सगळं ऐकलं होतं.

फ्रायर म्हणाला, "घुर्रर्र. पसरून घाला हं. एकमेकांच्या अंगावर बसली की मऊ पडते."

काकांनी भेंडी पसरून घातली. कप्पा लावला. खट्ट.

घुर्रर्र, घुर्रर्र, घुर्रर्र.

झुपकी ओट्यावर बसली. नाक हलवत बसली. काकांनी मध्येच कप्पा ओढला, भेंडी हलवली, खडम खडम, आणि परत लावला.

घुर्रर्र, घुर्रर्र, घुर्रर्र.

टिंग.

फ्रायरने भाजली, तशी काकांनी भेंडी ताटात काढली. आता वरून मीठ भुरभुरलं. मीठ आधी नाही घालायचं, पाणी सुटतं. एक वाटी भरून वर मंदाकाकूंकडे गेली. आणि चार काप झुपकीसमोर आले.

फू फू फू. काकांनी फुंकर घालून निववले.

"घे गं झुपके. आणि आता कुंडीत पुरू नकोस."

झुपकीने एक काप तोंडात धरला. बाकीचे कावळ्याने नेले तर? नेऊ देत. आता ती थांबणार नव्हती.

टुणकन झाडावर. सरसर, सरसर, घरट्यापाशी.

पट्टू दारातच बसला होता. रडून रडून डोळे बारीक झालेले. झुपकीने काप त्याच्या पुढ्यात ठेवला.

"घे. कुरुम."

पट्टूने काप दोन्ही हातांत धरला. वास घेतला. तोंड उघडलं. वर दोन दात, खाली दोन दात.

कुरुम.

पट्टू थांबला. कोण वाजलं? त्याने इकडे पाहिलं. त्याने तिकडे पाहिलं. मग हळूच पुन्हा चावलं.

कुरुम.

"तायडे," पट्टू म्हणाला, "मीच वाजतोय."

कुरुम कुरुम कुरुम. पट्टू खातो आणि ऐकतो. ऐकतो आणि खातो. झुपकी नुसती बघत बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, पण ते तिच्या लक्षातही नव्हतं.

अर्धा काप उरला तेव्हा पट्टू थांबला. त्याने तो झुपकीकडे सरकवला.

"तायडे, आता तू वाज."

झुपकीने तोंड उघडलं.

कुरुम.

फ्रायर निवला. बाळ निजलं. काका जेवायला बसले. आणि आमची गोष्ट शेवग्याच्या झाडावर चढली, शेपटीत तोंड खुपसून झोपी गेली.