तीन पेडलं आणि एक दळण

"…मग या तिघांतलं कुठलं घेऊ, सर?"

साळवे सर ओसरीवर बसून मोसंबं सोलत होते, आणि मोसंबं सोलताना माणसानं बोलू नये असं त्यांचं मत असावं.

शाल्मलीनं तिन्ही पेडलं त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडली होती. एक हिरवं, एक पांढरं, एक काळं. साबणाच्या वडीएवढ्या लोखंडी डब्या. इलेक्ट्रिक गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि वर पायानं दाबायचं बटण. दाबलं की गिटारचा सूर सरळ उभा राहत नाही. मोठा-लहान, मोठा-लहान होत थरथरत राहतो. ट्रेमोलो म्हणतात त्याला.

काम एवढंच. पण एवढ्याशा कामापायी तिनं झोप घालवली होती.

तसं कारणही होतं. नगरमधला सगळ्यात जुना ऑर्केस्ट्रा कटारियाशेठचा. त्यात बायकांनी गायचं, निवेदन करायचं, हार घालायचे. लीड गिटारच्या जागी आजवर एकही मुलगी उभी राहिली नव्हती. मागच्या महिन्यात शेठनी शाल्मलीला ऐकलं. गाणं संथ, पहिल्यापासून थरथरत्या गिटारवर उभं असलेलं. मधेच कुठेतरी गिटारची थरथर एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे गेला, आणि गाणं पार आडवं झालं.

शेठ भला माणूस. "पुन्हा एकदा ये," म्हणाले. त्यानंतर आणखी एकदा नसतं, हे न सांगताच कळत होतं.

ते "पुन्हा एकदा" आज संध्याकाळी होतं.

"दोष पेडलचा होता," ती म्हणाली. "जुनं होतं ते. म्हणून ही तीन गोळा केली. दोन मैत्रिणींकडून, एक दुकानातून, परत देण्याच्या बोलीवर. तिन्ही स्वस्तातली. पण स्वस्तातही फरक असतो, सर."

"असतो…"

सरांनी हे विचारलं नव्हतं. पण शाल्मलीला या विषयावर तोंड उघडायला निमित्त पुरे होतं, आणि एकदा उघडलं की ते मिटवणं तिच्याही हातात नसे.

हिरव्याची थरथर गोल, मऊ. पण नॉब कितीही फिरवा, सूर पुरता बुडत म्हणून नाही. शिवाय बटणाचा खटका असा की शेवटच्या रांगेत ऐकू जावा. पांढरं त्याहून छोटं, थरथर खोल देणारं. पण त्यात बॅटरी बसत नाही, आणि गिटार गप्प असली की आतून बारीक टिकटिक येत राहते. काळ्यात दोन तऱ्हा आहेत, एक मऊ आणि एक कापल्यासारखी तुटक. डबी दणकट. पण सुरू केलं की सगळा आवाजच थोडा खाली बसतो, तो दुसऱ्या नॉबनं वर काढावा लागतो.

"तिन्हींवर तीच धून वाजवली," ती म्हणाली. "खोलीत एकटीनं. दारं-खिडक्या लावून, पंखासुद्धा बंद करून."

"पंखासुद्धा…"

"नाहीतर फरक कळणार कसा? इथेही शेजारची गिरणी सुरू व्हायच्या आत तुम्हाला ऐकवावं म्हणून लवकर आले."

सरांनी मोसंब्याची एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं घेतली, पण खाल्ली नाही.

"लय ठरवता येते यात?" सरांनी विचारलं.

"नॉबनं. एकदा लावली की तेवढीच राहते. पायानं ठोका दिला की त्या लयीत थरथरणारी पेडलं असतात, पण ती आपल्या आवाक्यातली नाहीत."

"आणि बंद असताना यातलं कुठलं चांगलं?"

"बंद असताना तिन्ही सारखीच, सर."

"मग बरं आहे…"

शाल्मलीला राग आला. साळवे सर एकेकाळी याच ऑर्केस्ट्राचे लीड गिटारवाले. लोक अजून नाव काढतात. रविवारी चर्चमध्ये ते नुसते दोन सूर लावतात तर मागच्या बाकावरची पोरं गप्प होतात. अशा माणसाला सरळ प्रश्न विचारला तर सरळ उत्तर द्यायला काय हरकत होती?

तेवढ्यात शेजारची गिरणी सुरू झाली.

पट्टा धपधप करू लागला. ओसरीच्या खांबाला हात लावला तरी ते जाणवत होतं. शाल्मलीनं गिटारची वायर काढायला घेतली.

"आता वाजव," सर म्हणाले.

"आता? या गोंगाटात?"

"आता."

तिनं हिरवं जोडलं. गिरणीचा ठोका ऐकला, नॉब अंदाजानं फिरवला, आणि गिटार त्या ठोक्याला जाऊन मिळाली. क्षणभर इतकं सुंदर वाटलं की ती सगळा राग विसरली.

मग गिरणीत कुणाचं तरी दळण पडलं. गिरणी दबली. ठोका मंदावला. पेडल मात्र आपल्याच नादात पुढे गेलं.

तिनं वाकून नॉब मागे घेतला. तोवर दळण संपत आलं, आणि हलकी झालेली गिरणी पळायला लागली. तिनं पुन्हा वाकून नॉब पुढे केला. पांढरं जोडलं, तेच झालं. काळं जोडलं, त्याहून वाईट, कारण तुटक थरथरीत चूक लपतच नाही.

"ही गिरणी एका लयीत चालतच नाही, सर."

"याकूबभाई चालतात?"

शाल्मलीचे हात तारांवरच थांबले.

याकूबभाई म्हणजे ऑर्केस्ट्राचे ड्रमर. ऑर्केस्ट्राइतकेच जुने. हात खुशीत आला की पळायचा, खांदा दुखायला लागला की ओढायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना सांगण्याची छाती कुणाची नव्हती. सगळे त्यांच्यामागे धावत आणि धावता येतं याचाच अभिमान बाळगत.

"…नाही," ती म्हणाली.

"मागच्या वेळी तू काय केलंस?"

"वाकून नॉब फिरवत राहिले."

सर उठून आत गेले. आता कपाटातून एखादी जुनी, गुणी वस्तू काढून देतील असं तिला वाटलं. सर गव्हाचा डबा घेऊन आले.

"दळून आण."

"सर, माझं संध्याकाळी…"

"रवाळ नको. पोळीचं आहे."

डबा कमरेवर घेऊन शाल्मली रस्त्यावर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात पुन्हा न मिळणारी संध्याकाळ तोंडावर आली होती आणि गुरुजी पोळ्यांच्या काळजीत होते.

गिरणीवाला पिठाचे डबे झटकत होता. "मोकळीच आहे ताई, ओता तुम्हीच," तो म्हणाला.

तिनं रागारागानं अख्खा डबा गिरणीच्या वरच्या पेटीत उलटा केला आणि दाणे सोडणारी खालची पट्टी पुरती ओढली. गिरणी कण्हली. पट्टा करकरला. ठोका इतका मंद झाला की ती बंद पडणार असं वाटलं.

"हळू. पट्टी थोडीच उघडा."

तिनं पट्टी ढकलली. जरा जास्तच ढकलली, तशी गिरणी सुसाट सुटली. मग तिनं पट्टी बोटाएवढी उघडली आणि हात तिथेच ठेवला. दाण्यांची बारीक धार पडू लागली. गिरणीचा ठोका खाली आला, सावरला, आणि एका जागी बसला. धप, धप, धप, धप.

शाल्मलीनं पट्टी केसभर हलवली. ठोका हलला. परत आणली. ठोका परत आला.

इतका वेळ ओसरीवर बसून ती या गिरणीच्या मागे धावत होती. आता गिरणी तिच्या हाताकडे बघून चालली होती.

दाणे संपले तरी ती तिथेच उभी होती. गिरणीवाल्यानं पिठाचा डबा पुढे केला तेव्हा ती भानावर आली.

सर ओसरीवरच होते. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. ते पुसून घे असं सर म्हणाले नाहीत.

"कसं झालं?"

"बारीक." तिनं डबा खाली ठेवला. "सर… याकूबभाई रागावतील."

सरांनी मान वर केली.

त्या ऑर्केस्ट्रात कुठलंही गाणं याकूबभाईंच्या काड्यांनी सुरू होई. डोक्याच्या वर दोन काड्या एकमेकींवर चार वेळा वाजत, मग बाकीच्यांनी यायचं. गायक कितीही मोठा येवो, त्या चार ठोक्यांचा मान याकूबभाईंचा. तो त्यांच्याकडून कुणी मागितला नव्हता.

"मी त्यांच्याआधी सुरू केलं तर रागावतील," ती म्हणाली.

"रागावतील…" सरांनी कबूल केलं.

"मग?"

सर गिरणीकडे बघत बसले. मग तिकडेच बघत त्यांनी सतरंजीवर हात टेकला आणि जे पेडल हाताला लागलं ते तिच्याकडे सरकवलं. काळं होतं.

"हेच का, सर?"

"हाताशी होतं."

संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्राची मंडळी जमली. कटारियाशेठ पहिल्या रांगेत चहा घेऊन बसले. साळवे सर अगदी मागे, दाराशी.

शाल्मलीनं काळं पेडल पायाशी ठेवलं. नॉब एकदाच लावला, मऊ थरथरीवर. याकूबभाईंनी काड्या वर उचलल्या.

"याकूबभाई," ती म्हणाली, "काड्या नका वाजवू."

कीबोर्डवाल्याची बोटं हवेत राहिली. शेठचा चहाचा कप खाली आला.

"काय?" याकूबभाईंनी विचारलं.

"मी सुरू करते. तुम्हाला वाटेल तेव्हा या."

"आणि मी आलोच नाही तर?"

शाल्मली घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. पण पाय पेडलवर होता आणि तो हलत नव्हता.

"तर मी वाजवत राहीन."

याकूबभाईंनी तिच्याकडे बघितलं. मग काड्या मांडीवर ठेवल्या, हाताची घडी घातली आणि मागे टेकून बसले. आता वाजव आणि दाखव, असा त्याचा अर्थ होता.

तिनं बटण दाबलं आणि सगळ्या तारा एकदम छेडत पहिला कॉर्ड सोडला.

सूर थरथरत हॉलभर पसरला. मोठा-लहान, मोठा-लहान. बाकी काहीच नाही. ताना नाहीत, करामती नाहीत. तिनं तो एकच कॉर्ड पुरता संपू दिला, मग दुसरा सोडला. थोडं थोडं. घाई केली तर सगळं फसणार हे तिच्या हाताला ठाऊक झालं होतं.

याकूबभाई बसून होते.

तिसरा कॉर्ड. चौथा. शेठनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. गायकानं माईकपाशी घसा साफ केला. पुन्हा पहिला कॉर्ड…

याकूबभाईंचा गुडघा हलायला लागला.

त्यांनी डोळे मिटले. हाताची घडी सुटली. मांडीवरून एक काडी उचलली गेली, नुसती झांजेवर टेकली, आणि थरथरीच्या ऐन उंचीवर अलगद पडली. मग पायाखालचा मोठा ड्रम आला. मग सगळेच आले, आणि गाणं उचललं गेलं.

महिन्याभरापूर्वी ज्या जागी गाणं आडवं झालं होतं ती जागा आली आणि निघूनही गेली.

शेवटच्या अंतऱ्यात याकूबभाई खुशीत आले. हात पळू लागला. कीबोर्डवाला सवयीनं त्यांच्यामागे निघाला.

शाल्मली वाकली नाही. नॉबकडे तिनं बघितलंही नाही. तिनं वाजवणं उलट कमी केलं, मधले सूर गाळले आणि एकच कॉर्ड मोकळा सोडून दिला. नुसती थरथर उरली, सगळ्यांना ऐकू येईल अशी.

याकूबभाईंनी डोळे उघडले. तिच्याकडे बघून हसले, आणि परत त्या थरथरीवर येऊन बसले.

गाणं संपलं तेव्हा सगळे एका ठोक्यावर थांबले. या ऑर्केस्ट्रात असं आधी कधी झालं होतं, कुणालाच आठवेना.

याकूबभाईंनीच आधी ड्रमच्या कडेवर काडी वाजवली. ट्रम्पेटवाल्यानं टाळी वाजवली. बघता बघता अख्खा हॉल वाजायला लागला. शाल्मली गिटार छातीशी धरून उभी होती. तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं, आणि दोन्ही लपवावंसं वाटत नव्हतं.

"शनिवारी सावेडीला कार्यक्रम आहे," शेठ म्हणाले. "स्टेजवर काळे कपडे लागतात. आणि मधोमध उभी राहा, कोपऱ्यात नको."

"बेटा," याकूबभाई उठता उठता म्हणाले, "आज खांदा दुखला नाही."

शेठ मंचापाशी आले, वाकून त्या काळ्या डबीकडे निरखून बघू लागले. त्यांच्या डोक्यात धंद्याचं चक्र सुरू झालं होतं. मागे दाराशी सर चपला घालत होते. शेठनी तिथूनच हाक दिली.

"साळवे सर, हे पेडल कुठल्या कंपनीचं? आपल्या दुसऱ्या गिटारवाल्यालाही हेच घेऊन देतो. कसं वाजवायचं ते तुमची शाल्मली त्याला दाखवेल."

शाल्मलीनं सरांकडे पाहिलं.

सरांनी दुसरी चप्पल घातली.

"याकूबला विचारा, शेठ. पेडल कुठलंही चाललं असतं, आज त्याला धरून वाजवलं ते त्यानंच."