वाघ मारणारा हात

खंडेनवमीच्या धुपाच्या निळसर धुरात आजोबांची एका गोळीची जुनी रायफल तरंगल्यासारखी दिसत होती. भिंतीवरच्या फोटोत वाघावर पाय ठेवून आजोबा उभे होते. वैजयंती गुंगून पाहत राहिली.

“हिची किंमत लोखंडाची नव्हे, वाघ मारणाऱ्या हाताची!” सर्जेरावकाका किंमत ठरवायला आलेल्या जाणकाराला म्हणाले. “बायकांनी शिवायचीसुद्धा नाही.”

वैजयंतीनं ती अलगद उचलून आधी उजव्या, मग डाव्या खांद्याला लावली. दस्त्यात मुद्दाम कोरून घेतलेल्या खळग्यात तिचा गाल उशीवर टेकावा तसा विसावला.

“काका, उजव्या खांद्याला ही बसतच नाही. आजोबा डावखुरे होते?”

“छे! डावखुरी आमची आई.”

“मग किंमत तीच राहू द्या, हात तेवढा आजीचा म्हणा. आजोबांचा वाघावर नुसता पाय होता, तोही फोटोपुरता!”