रखमाजीनं कपाट आवरलं

बोरखडी गावात रखमाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गावात शहाणे पुष्कळ होते. ते एकमेकांशी भांडून कंटाळले, की जरा बरं वाटावं म्हणून रखमाजीच्या ओट्यावर येऊन बसायचे.

रखमाजीत एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो विसरत नसे. तुम्ही आम्ही बायकोनं सांगितलेलं उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत विसरतो, म्हणून आपले संसार टिकले आहेत. रखमाजी सगळं लक्षात ठेवायचा आणि शब्दाला शब्द लावून करायचा.

त्याच्या बायकोचं नाव अनसा. अनसाचे वडील अण्णा मास्तर. त्यांनी आपल्या हातानं घराच्या भिंतीत पुस्तकांचं कपाट बसवलं होतं. मातीची जाड भिंत, तिच्यात सागवानी चौकट, चौकटीत फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकं. भिंत मात्र सामाईक. पलीकडं शेजारणीचं, प्रमिलाचं घर. मास्तर गेले आणि कपाट, घर अन् रखमाजी, एवढं सगळं अनसाच्या वाट्याला आलं.

तालुक्याच्या वाचक मंडळानं ठरवलं, की बोरखडीत एक वाचनालय काढायचं. कुणाच्या तरी घरात. मंडळ नवी पुस्तकं देणार, दारावर पाटी लावणार. रविवारी मंडळाची माणसं येऊन घरं बघणार होती. दोघींनी नाव दिलं होतं, अनसानं आणि प्रमिलानं. प्रमिलाकडं काचेचं कपाट होतं, त्यात कपबश्या होत्या. पुस्तक म्हणाल तर पंचांग, तेही खिळ्याला.

अनसाला ती पाटी फार हवी होती. बाकी तिनं लग्नापासून काही मागितलं नव्हतं. मागून रखमाजी मिळाला, एवढ्यावरच तिनं मागणं सोडून दिलं असेल.

तर अनसा अंगणवाडीत कामाला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, कपाटात फार गर्दी झालीय. आवरायला घ्या जरा. वर्षभरात जे कुणी उघडलं नाही, ते बाहेर काढून ठेवा."

"समजलं," रखमाजी म्हणाला.

तो "समजलं" म्हणाला, की अनसा जाताना दोनदा मागं वळून बघायची. पण अंगणवाडीची वेळ झाली होती.

रखमाजी कपाटापुढं बसला. एकेक पुस्तक हातात घेऊन बघितलं. हे तर अनसानं आखाडात वाचलं. हे दिवाळीत. हे वाचताना भात करपला होता. वर्षभर उघडलं नाही असं एकही पुस्तक निघेना. मग त्यानं घरभर नजर फिरवली आणि त्याला ते सापडलं. घराचं मागचं दार. गंज लागल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं.

त्यानं बिजागऱ्यांसकट दार उपटलं आणि बाहेर काढून ठेवलं.

संध्याकाळी अनसा आली तेव्हा मागच्या बाजूनं शेरडं आत शिरली होती आणि माजघरात वाळत घातलेली मेथी खाऊन तिथंच रवंथ करत बसली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच. वर्षभर कुणी उघडलं नव्हतं."

अनसानं कपाळावर हात मारला. "अहो, दार कुणी टाकतं का? घरातली जुनी चीज असली तर आधी झटकायची, पुसायची, चांगली उन्हात ठेवायची. मग जागेवर लावायची."

"आधी सांगायचंस की," रखमाजी म्हणाला. "समजलं."

दुसऱ्या दिवशी अनसा म्हणाली, "नुसत्या पुस्तकांनी फळ्या भरल्यात, डोळ्याला शोभा नाही. माझ्या मावशीनं लग्नात दिलेली फळं आहेत ना पेटीत? ती काढा आणि मधल्या फळीवर मांडा."

ती फळं मेणाची होती. आंबा, सीताफळ, केळ्याची फणी आणि एक डाळिंब. इतकी हुबेहूब, की लग्नात नवरदेवानं, म्हणजे रखमाजीनंच, आंब्याला दात लावला होता. तो दाताचा ठसा सोडला तर फळं नवीच होती.

रखमाजीनं पेटी उघडली. फळं बाहेर काढली. घरातली जुनी चीज. त्यानं ती झटकली, पुसली आणि अंगणात पाट्यावर चांगली उन्हात ठेवली. महिना वैशाखाचा. स्वतः सावलीला बसून राखण करत राहिला. कावळ्यानं नेऊ नयेत म्हणून.

अनसा परत आली तेव्हा पाट्यावर एक रंगीत घावन पसरलं होतं. मधोमध डाळिंबाचा देठ उभा.

"अहो! माझी फळं!"

"कावळ्याला शिवू दिलं नाही," रखमाजी म्हणाला. "पण आतून पिकलेली निघाली."

"अहो, मेण होतं ते! असली नाजूक वस्तू उन्हात ठेवतात का? ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि गार जागी ठेवायची!"

"समजलं," रखमाजी म्हणाला. "आधी सांगायचंस की."

हसता काय? तुमच्या घरात आहे ना, पाहुणा आल्यावर काढायचा म्हणून जपलेला काचेचा सेट? तो कधी काढलाय? मग गप ऐका.

रविवार जवळ आला. अनसा म्हणाली, "शोभेचं राहू द्या आता. अण्णांचा शब्दकोश तेवढा माडीवर आहे, तो खाली आणा. जपून हं, फार नाजूक झालाय, पानं सुटलीत."

नाजूक म्हटल्यावर रखमाजीला पुढचं सांगायची गरज नव्हती. त्यानं शब्दकोश दोन्ही हातांनी खाली आणला. पंचा भिजवला, शब्दकोश त्यात नीट गुंडाळला आणि घरातली सगळ्यात गार जागा शोधली. पाण्याच्या रांजणामागची. रांजण झिरपत होता, म्हणजे वरून आणखी गारवा.

रात्रीतून शब्दकोश फुगला. आधी दोन हातांत मावत होता, आता तिसरा हात लागला असता. सकाळी अनसानं उघडून बघितला, तर पानं एकमेकांना अशी घट्ट धरून बसलेली, की गावातल्या भावकीनं येऊन बघावं आणि शिकावं.

या वेळी अनसा ओरडली नाही. चुलीपाशी बसून डोळ्यांना पदर लावला. रखमाजीला वाईट वाटलं.

"धूर झालाय का गं?" त्यानं विचारलं.

"धूर नाही हो. अण्णांचं पुस्तक होतं ते. आणि ही पाटी गेली ना, तर मी काय करू?" तिनं नाक पुसलं आणि सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "हे बघा. नीट ऐका. कोरड्या फडक्यानं पुसायचं. उभं ठेवायचं, झोपवायचं नाही. उंच असेल ते मागं, बुटकं पुढं. जाडजूड असेल ते सगळ्यात खाली. दोघांच्या मध्ये बोटभर फट, हवा खेळली पाहिजे. आणि प्रत्येकापाशी एक डांबरगोळी, म्हणजे कसर लागत नाही."

"कोरडं फडकं, उभं, उंच मागं, बुटकं पुढं, जाड खाली, बोटभर फट, डांबरगोळी," रखमाजीनं म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. "समजलं."

"पण तुम्ही करू नका," अनसा म्हणाली. "मी करते."

आणि तिनं केलं. फाटकी रद्दी वेगळी काढली, फुगलेला शब्दकोश वाळवून सगळ्यात खाली ठेवला, एका उंचीची पुस्तकं एका फळीवर घेतली, मध्ये तांब्याच्या लोटीत तुळशीच्या मंजिऱ्या ठेवल्या. कपाट असं दिसायला लागलं, की प्रमिला मीठ मागायला आली आणि मीठ न घेताच परत गेली.

रविवार उजाडला. अनसा आत लाडू वळत होती. तिनं आतून हाक मारली, "अहो, माझे हात बरबटलेत. मंडळाची माणसं आली तर तेवढं बघा."

आली. तिघं होते. मंडळाच्या अध्यक्ष टेंभेबाई, उंचीनं दाराच्या कडीएवढ्या. सावंत सर, कडीपासून वर चौकटीपर्यंत. आणि आप्पासाहेब, दाराच्या रुंदीएवढे.

रखमाजीनं तिघांना बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की अनसानं सांगितलं होतं ते याच्यासाठीच.

त्यानं कोरडं फडकं घेतलं आणि आधी टेंभेबाईंचं तोंड पुसलं.

"अहो, अहो," बाई म्हणाल्या.

"धूळ आहे," रखमाजी म्हणाला.

रस्ता कच्चा होता, धूळ खरीच होती. बाईंनी दुसरा गालही पुढं केला. मग त्यानं सावंत सरांना धरून कपाटाला टेकवून उभं केलं. त्यांच्या पुढं बाईंना. आप्पासाहेबांना खांदे दाबून सगळ्यांच्या खाली बसवलं.

"फोटो काढायचा असेल," सावंत सर पुटपुटले आणि त्यांनी हसरा चेहरा केला. आप्पासाहेबांनी टोपी सरळ केली. रखमाजीनं मध्ये बोट घालून फट तपासली, बाईंना एवढंसं डावीकडं सरकवलं, आणि सरांच्या खिशात एक, आप्पासाहेबांच्या टोपीत एक आणि बाईंच्या पर्समध्ये एक अशा डांबरगोळ्या ठेवल्या. मग लांब उभा राहून बघत बसला.

"कॅमेरा कुठाय?" आप्पासाहेबांनी हसरा चेहरा न मोडता विचारलं.

"हवा खेळू द्या," रखमाजी म्हणाला.

लाडवाचं ताट घेऊन अनसा बाहेर आली आणि जागीच थांबली. मंडळ कपाटापुढं लावलेलं होतं. वास डांबराचा.

"अहो, हे काय?"

"कसर लागणार नाही आता."

अनसाला वाटलं, धरणी फाटावी. पण टेंभेबाई होत्या मोठ्या मनाच्या. आधी त्यांना हसू आलं, मग सरांना, शेवटी आप्पासाहेबांना. खाली बसल्यामुळं त्यांच्यापर्यंत ते उशिरा पोचलं. सगळ्यांनी मिळून त्यांना उठवलं. मग बाईंनी कपाट बघितलं. पुस्तकं काढून बघितली, परत ठेवली.

"अनसाबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातली सगळ्यात चांगली चीज म्हणजे हे कपाट. वाचनालय इथंच झालं पाहिजे. पाटी गाडीतच आहे. शेजारी प्रमिलाबाईंकडं नुसता चहा घेऊन येतो, न जावं तर राग यायचा. आल्यावर पाटी ठोकू."

तिघं शेजारी गेले. अनसाचे पाय जमिनीला लागेनात. तिनं ताट खाली ठेवलं आणि रखमाजीकडं वळली. आज तिला रागवायचंसुद्धा जमेना.

"अहो, माणसांना असं लावून ठेवतात होय? पाहुण्यांचा मान असतो. त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. घरात जे सगळ्यात चांगलं असेल ते द्यायचं. आणि एकदा दिलं की दिलं, पुन्हा त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही."

"समजलं," रखमाजी म्हणाला.

लाडवांसाठी पिशवी शोधायला अनसा माडीवर गेली. आज तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. आनंदात माणसाचं असं होतं.

रखमाजी लाडवांच्या ताटाकडं बघत उभा राहिला. लाडू चांगले होते. पण सगळ्यात चांगलं काय, हे बाई स्वतःच्या तोंडानं सांगून गेल्या होत्या.

त्यानं पहार आणली.

चौकटीच्या चारी बाजूंनी त्यानं भिंत पोखरली. भिंत मातीची, पहारीला लोण्यासारखी. धप, धप, धप. माडीवर अनसाला वाटलं, प्रमिला मिरच्या कांडतेय, पाटी गेल्याचा राग काढतेय बिचारी. पलीकडं पाहुण्यांनी विचारलं, "हा कसला आवाज?" तर प्रमिला म्हणाली, "शेजारीण मिरच्या कांडत असेल. तिला काळवेळ नाही."

चौकट सुटी झाली. रखमाजीनं कपाट ओढून बघितलं. येईना. मग त्याला आठवलं, की पाहुणे तर पलीकडंच आहेत. ओढायचं कशाला? त्यानं खांदा लावला आणि ढकललं.

अख्खं कपाट, पुस्तकांसकट, मंजिऱ्यांच्या लोटीसकट, प्रमिलाच्या बैठकीत जाऊन उताणं पडलं.

धुरळा बसला तेव्हा तिघं जण हातात कप धरून जागच्या जागी बसलेले होते. चहावर माती. भिंतीला दारापेक्षा मोठं भगदाड. भगदाडात रखमाजी, हात जोडून.

"रिकाम्या हातानं जाऊ नका," तो म्हणाला. "गरिबाचं गोड मानून घ्या."

अनसा माडीवरून धावत आली आणि रखमाजीच्या मागं उभी राहून बघत राहिली. तिच्या हातात पिशवी होती.

टेंभेबाईंनी कप खाली ठेवला. पदर झटकला. त्यांना अनसाचा चेहरा दिसला आणि दया आली.

"हे बघा रखमाजीराव," त्या म्हणाल्या, "तुमचं मन आम्हाला पोचलं. पण एवढं मोठं आम्ही काय करू? चार माणसं बोलावू, कपाट उचलून परत तुमच्याकडं लावू. शब्द दिलाय, पाटी अनसाबाईंच्याच दारावर ठोकू. तुम्ही फक्त हो म्हणा."

अनसाच्या जिवात जीव आला. "हो म्हणा हो," ती मागून कुजबुजली. पण रखमाजी ताठ झाला. एवढा मान त्याला कुणी आयुष्यात दिला नव्हता, आणि मान कसा राखायचा ते नुकतंच त्याला सांगितलेलं होतं.

"छे, छे!" तो म्हणाला. "एकदा दिलं की दिलं. दिलेलं परत घेणाऱ्यातले आम्ही नाही. आता आम्ही त्याच्याकडं बघणारसुद्धा नाही."

आणि त्यानं पाठ फिरवली.

"बरोबर आहे भावजींचं," प्रमिला पटकन म्हणाली. "घरमालकच म्हणतायत तर राहू द्या इथंच. माझी काही अडचण नाही."

कपाट जिथं, वाचनालय तिथं. पाटी प्रमिलाच्या दारावर लागली.

संध्याकाळी अनसा भगदाडापुढं बसली होती. पलीकडं प्रमिला वाचनालय आवरत होती. शब्दकोशावर तिनं कपबश्या ठेवल्या होत्या. फुगल्यामुळं तो त्या कामाला बरा पडत होता. रखमाजी हळूच बायकोजवळ आला.

"माती कालवू का? भिंत बुजवतो," तो म्हणाला.

अनसानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "माझ्या घरात आता कशालाही हात लावू नका."

"समजलं," रखमाजी म्हणाला.

त्याला वर्ष होऊन गेलं. भगदाड अजून तसंच आहे, आणि रखमाजीला रोज अनसा घास भरवते.