भागाईच्या हातातला प्रपंच

एका चातुर्मासात आवजीनाथ महाराज दुधनाकाठच्या लिंबगावी मारुतीच्या देवळात उतरले होते. रोज तिसऱ्या प्रहरी निरूपण होई. सगळ्यांच्या मागे, पायरीशी, भागाई सुईण बसे. अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली; पण बाळंतिणीची खोली सोडली, तर तिला कुणी घरात घेत नसे.

एकदा तिने भीत भीत हात जोडले. "म्हाराज, प्रपंच खोटा म्हंत्यात. मग मी ह्या हातांनी जगात आणते, ते काय?"

महाराजांच्या आधी गावचे त्र्यंबकशास्त्रीच बोलले. विद्या मोठी, पण जिभेला हाड नाही! "प्रपंच म्हणजे दोरीवर भासलेला साप. मुळात नाहीच! तू नसलेल्याची नाळ कापतेस, भागाई!"

सभा खो खो हसली. भागाईने पदर तोंडाला लावला. महाराज एवढेच म्हणाले, "शास्त्रीबुवा, उत्तर अजून यायचे आहे."

चारच दिवसांनी शास्त्रीबुवांची लेक यमुना माहेरी अडली. पहिलटकरीण, जीव टांगणीला. शास्त्रीबुवा अनवाणी भागाईच्या झोपडीशी धावले. ती तशीच निघाली. बातमी ऐकून महाराजही शास्त्रीबुवांच्या ओसरीवर येऊन बसले.

दिवेलागणीला मुलगा झाला, पण रडेना. भागाईने बाळाच्या नाळेला जोडलेली वार विस्तवावर शेकली, काशाचे ताट वाजवले, पाठ चोळली. अंग निळेच. शेवटी नाळ कापून, बाळ फडक्यात घेऊन ती ओसरीवर आली. तिला रडू आवरत नव्हते. "म्हाराज, माझे हात हारले."

"एवढा वाचवा हो!" शास्त्रीबुवांनी महाराजांपुढे हात जोडले.

महाराजांनी बाळ घेतले नाही. ते म्हणाले, "भागाई, तुझ्याच हातांत असू दे." मग बाळाच्या कानाशी वाकले. "बाळा, आजोबा म्हणतात, तू नाहीसच. आता तूच काय ते सांग."

क्षण गेला. आणखी एक गेला. आणि पोराने असा टाहो फोडला, की देवळातल्या मंडळींनी तो ऐकला! धन्य ती गुरुमाउली!

महाराज म्हणाले, "पाच भूतांनी मांडलेला पसारा, तो प्रपंच. तो टिकत नाही, हे खरे. पण आहे तोवर देवाचा आहे, आणि त्याला झेलायला कुणाचे तरी हात लागतात."

शास्त्रीबुवा पाया पडायला वाकले, तसे महाराज बाजूला झाले. मागे भागाई उभी होती. शास्त्रीबुवांनी तिच्याच पायांवर डोके ठेवले.

"उठा, मालक," ती म्हणाली. "वाट सोडा. पोराला आईजवळ न्यायचंय."