वेणूच्या हाताला न कळलेली काच

घाटाच्या पायथ्याशी निवळखोरे नावाचे गाव आहे. श्रीसुखनाथ महाराज उतारवयात तेथे आले आणि तेथलेच झाले. ओढ्याकाठी त्यांची लहानशी मठी होती आणि मठीमागे कडूकवठीची तीन जुनी झाडे होती. कडूकवठीच्या फळाला गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत. महाराज मात्र ती फळे वेचीत, फोडून बिया वाळवीत आणि त्यांचे तेल काढून मडक्यांत भरून ठेवीत. एवढे तेल कशासाठी, असे कोणी विचारले तर महाराज म्हणत, “लागेल.”

या तेलावरून गावात सर्वांत जास्त हसणारे गृहस्थ म्हणजे त्रिंबकशास्त्री वैद्य. शास्त्रीबुवा विद्वान होते, यात शंका नाही. नाडीवर बोटे ठेवली की मागच्या जन्मीचे अजीर्णदेखील सांगतील, असे लोक म्हणत. पण विद्येबरोबर नाकही थोडे वर गेले होते. मठीवरून जाताना ते मोठ्याने विचारीत, “काय महाराज, घाणा कधी काढताय?” महाराज हसून हात जोडीत.

याच गावात गणबा कासार राहत असे. खांद्यावर बांगड्यांची मलार टाकून तो दारोदार फिरे. त्याचा हात असा हलका की लेकीबाळींना बांगडी केव्हा चढली ते समजतही नसे. दर सोमवारी तो मलार आधी महाराजांच्या पायांशी ठेवी आणि मगच फेरीला निघे. एका चैत्रात त्याच्या बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके उठले. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत ते मनगटावर आले. कासाराचे सारे जगणे हातांवर, आणि त्या हातांकडे आता बायका टक लावून पाहू लागल्या. एकीने हात मागे घेतला, मग दुसरीने. पुढच्या आठवड्यात गणबाची मलार जशी गेली तशी घरी परत आली.

घाबराघुबरा होऊन तो शास्त्रीबुवांकडे गेला. शास्त्रीबुवा ओटीवर बसले होते. त्यांनी गणबाला खाली अंगणात उभे राहायला सांगितले, तेथूनच हात पुढे करायला लावले आणि काठीच्या टोकाने बाही वर सारून पाहिली. मग मान हलवून म्हणाले, हा महारोग आहे. पंचांना निरोप गेला. वैशाखी पौर्णिमेच्या आत गणबाने बायकोला घेऊन गाव सोडावे, तोवर कोणाच्या हाताला हात लावू नये, असे ठरले. गणबा निघताना शास्त्रीबुवांनी एक टोमणा मारलाच, “आता तुझ्या महाराजांना म्हणावं, काढा ते तेल.”

गणबा मठीत आला तो भिंतीला टेकून खालीच बसला. महाराजांनी त्याचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. एकेका ठिपक्यावर बोट दाबले, फुंकर घातली, मग बाभळीचा काटा हळूच टोचून पाहिला. प्रत्येक वेळी विचारीत होते, “कळतं?”

“कळतं, म्हाराज. टोचतंय.”

“मग रडतोस कशाला? हे कोड आहे. कातडीचा रंग गेलाय, दुसरं काही गेलं नाही. हे कुणाला लागत नाही आणि तुझं काही बिघडवत नाही.” आणि महाराजांनी आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला. “भर बांगड्या.”

दर्शनाला आलेली पाचपन्नास माणसे पाहत राहिली. गणबाने महाराजांच्या हातात तीन हिरव्या बांगड्या भरल्या. ही बातमी ऐकून शास्त्रीबुवांना तर आयताच विषय मिळाला. महाराजांनी अखेर बांगड्या भरल्या, असे ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागले. गाव हसले. बायकांनी हात मात्र पुढे केले नाहीत. पौर्णिमा जवळ येत चालली, गणबाच्या बायकोने भांडी बांधायला घेतली.

निरोप घ्यायला गणबा मठीत आला, तेव्हा महाराज त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “येत्या गुरुवारी तुझ्या हातून एक बांगडी वाढेल. ज्या हातावर वाढेल, त्या हाताला ते कळणार नाही. तू गप्प राहायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं.” आपल्याकडे बांगडी फुटली असे कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. गणबाला एवढाच अर्थ कळला. पण आपल्याला हात देणार कोण, हे काही त्याला उमगेना.

त्याच गुरुवारी शास्त्रीबुवांच्या एकुलत्या एका मुलीचा, वेणूचा चुडा भरायचा होता. पाच दिवसांवर लग्न. शास्त्रीबुवांनी तालुक्याहून दुसरा कासार बोलावला होता. त्याची गाडी ओढा उतरताना कलंडली आणि मलारीतली एकही बांगडी धड राहिली नाही. मुहूर्त टळत चालला. घरात बायकांची कुजबूज सुरू झाली. शेवटी नाइलाजाने शास्त्रीबुवांनी गणबाला बोलावणे पाठवले, पण अट घातली की त्याने कडुलिंबाच्या पाण्याने हात धुवावे आणि बोटांना फडके गुंडाळूनच मुलीच्या हाताला हात लावावा.

आता सांगा, बोटे बांधून कधी कासाराने बांगडी भरली आहे? हाताचे हाड कुठे वळते, मांस कुठे दबते, हे सारे कासाराला बोटांनी दिसत असते. पहिल्या चार बांगड्या गणबाने कशाबशा चढवल्या. पाचवी करंगळीखालच्या हाडावर अडली, त्याने अंदाजाने दाब दिला आणि काच कडकन तुटून वेणूच्या तळहाताच्या कडेत रुतली. रक्ताची धार पाटावर आली. वेणू मात्र शेजारच्या मैत्रिणीशी हसत बोलतच होती. बायका ओरडल्या तेव्हा तिने खाली पाहिले आणि तिलाच नवल वाटले.

गणबाला महाराजांचे शब्द आठवले. ज्या माणसाने त्याला गावाबाहेर काढायचे ठरवले, त्याच्या भर मांडवात, ‘तुमच्या मुलीच्या हाताला काच कळली नाही’, एवढे एक वाक्य बोलायचा अवकाश होता. शास्त्रीबुवा ओरडतच बाहेर आले. लग्नघरात काच वाढवलीस, अपशकुन केलास, असे नाही नाही ते बोलले. गणबा म्हणाला, “चूक माझी झाली, बुवा.” त्याने जखमेवर हळद दाबली, उरलेला चुडा भरला आणि मलार तेथेच टाकून तो मठीकडे धावत सुटला.

महाराजांनी शास्त्रीबुवांना निरोप धाडला, वेणूला आणि तिच्या आईला घेऊन या. शास्त्रीबुवा आले ते संतापाने लाल होऊन. हा कासार सूड उगवतो आहे आणि तुम्ही त्याला पाठीशी घालता, असे ते तावातावाने बोलत राहिले. महाराजांनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “तुमच्या ग्रंथात महारोगाची पहिली खूण काय सांगितली आहे?”

“स्पर्श कळत नाही,” शास्त्रीबुवा सवयीने म्हणाले.

“गणबाला तो कळतो की नाही, हे तुम्ही पाहिलं होतं?”

शास्त्रीबुवांना तो दिवस आठवला. अंगणात उभ्या केलेल्या माणसाला काठी लावली होती, बोट लावले नव्हते.

महाराजांनी वेणूला डोळे मिटायला सांगितले आणि तुळशीची मंजिरी शास्त्रीबुवांच्या हातात दिली. शास्त्रीबुवांनी ती अंगठ्याला लावली. वेणू म्हणाली, अंगठा. मधल्या बोटाला लावली, तेही तिने ओळखले. मग करंगळीवर मंजिरी टेकवली. वेणू काही बोलेना. त्यांनी दाबून फिरवली. पुन्हा फिरवली.

डोळे मिटलेलेच ठेवून वेणू म्हणाली, “लावा ना, बाबा.”

ती माउली, वेणूची आई, तेथेच हुंदके देऊ लागली. मुलीच्या कोपराजवळ एक फिकट चट्टा वर्षभर होता. अंग कोरडे पडले असेल म्हणून ती त्यावर साय चोळीत होती. साऱ्या पंचक्रोशीचे रोग पाहणाऱ्या बापाला तो कधी दिसला नव्हता. आपणच गणबासाठी सांगितलेली शिक्षा आता शास्त्रीबुवांना आपल्या मुलीच्या वाट्याला आलेली दिसू लागली.

महाराज म्हणाले, “रोग झाला म्हणून कुणी पापी होत नाही आणि कुणाला गाव सोडावं लागत नाही. गणबाला नाही, हिलाही नाही. वराकडे जा आणि खरं काय ते सांगा.” गणबाला काढण्याचा ठराव शास्त्रीबुवांनी त्याच संध्याकाळी पंचांपुढे स्वतः मोडला. वराकडच्यांनी ऐकून घेतले. मग, माघी पौर्णिमेपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, एवढेच उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवसापासून कडूकवठीच्या तेलाची मडकी उघडली गेली. रोज सकाळी महाराज स्वतः वेणूच्या हाताला तेल चोळीत आणि नामस्मरण करीत. वाटी धरायला शास्त्रीबुवा बसत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोज मंजिरी फिरे, आणि रोज वेणू विचारी, “लावलीत का, बाबा?” शास्त्रीबुवांना अन्न गोड लागेना. तेल संपत आले, तसे तेच रानात जाऊन फळे वेचू लागले आणि बिया फोडू लागले. गावाने ते पाहिले, पण आता कोणी हसले नाही.

पौष संपला. पौर्णिमेला चार दिवस उरले. त्या सकाळी महाराजांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि गणबाला मलार घेऊन बोलावले. त्याने सवयीने बोटांना फडके गुंडाळायला घेतले, तेव्हा शास्त्रीबुवांनीच ते त्याच्या हातून काढून घेतले.

गणबाने उघड्या हातांनी वेणूचा हात धरला. एक बांगडी गेली, दुसरी गेली. तिसरी करंगळीखालच्या त्याच हाडावर आली. महाराजांनी डोळे मिटले.

“कासारदादा, हळू,” वेणू म्हणाली. “दुखतंय.”

वेणूची आई हसत होती आणि रडत होती. शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर कोसळले. गेलेला स्पर्श परत येत नाही असे मी शिकलो होतो, एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. महाराजांनी त्यांना उठवले. महाराजांच्या हातात अजूनही त्या तीन हिरव्या बांगड्या होत्या.

“चुडा भरून झाला की कुणाला नमस्कार करायचा असतो, बुवा?” महाराज म्हणाले.

बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. वेणू पुढे वाकली. पण तिच्या आधी तिच्या वडिलांनी गणबाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले ते हात कपाळाला लावले आणि बराच वेळ सोडले नाहीत.