शिंगांची अट

सागाच्या एका दाट जंगलात चितळांचा मोठा कळप राहत असे. जंगलामधून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या अलीकडे कळकाचे बेट होते आणि पलीकडे मोहाची झाडे. चैत्र लागला की पहाटेपासून मोहाची फुले टपटप खाली पडत. झाडांवर बसलेले वानर स्वतः खाता खाता निम्मी फुले खाली सांडत. चितळांची मग चंगळच चंगळ असे.

एका वर्षी मात्र रानकुत्र्यांनी ओढ्यापलीकडे एक पाडस धरले. ते कळपाच्या म्होरक्याचे नातवंड होते. म्हातारा म्होरक्या दोन दिवस चरला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या वडीलधाऱ्या नरांना बोलावले आणि नियम केला, "शिंगांना तीन फांद्या फुटेपर्यंत एकाही पिल्लाने ओढा ओलांडायचा नाही. हे त्यांच्याच भल्यासाठी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलांनो, म्होरक्याचे दुःख खरे होते, त्यात खोट काढू नका. पण दुःखाच्या भरात केलेल्या नियमाकडे नंतर एकदा तरी शांतपणे पाहावे लागते. ते कोणी पाहिले नाही.

ओढ्याकाठी पहाऱ्याला टिटवी नेमली. आपण पाय वर करून झोपतो म्हणूनच आभाळ खाली पडत नाही, अशी या टिटवीची समजूत. तिच्या हाती अधिकार आला, मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या डोक्यावर उडायचे, शिंगांच्या फांद्या मोजायच्या आणि दोनच भरल्या की सारे रान डोक्यावर घ्यायचे.

त्या कळपात एक लहानगी हरिणी होती. तिच्याहून वर्षाने मोठा असा तिला एक भाऊ होता. मोठी चितळे सकाळी पलीकडून परतली की त्यांच्या तोंडाला मोहाचा वास येई. हरिणी आईच्या तोंडाजवळ नाक नेऊन तो वास घेत बसे.

"आई, मोह कसा लागतो गं?"

"गोड."

"कोवळ्या गवतासारखा गोड?"

"नाही गं. ते खाल्ल्यावाचून कसं कळणार?"

"मग एक फूल आण ना माझ्यासाठी."

"आपल्याला काय वानरासारखे हात आहेत, बाळ?" आई म्हणे आणि तिला चाटून देई.

हरिणीची आई आणि तिच्याबरोबरीच्या माद्या नियमाच्या आधीच मोठ्या झालेल्या होत्या, म्हणून टिटवी त्यांना सोडत असे. पिल्ले मात्र कळकाच्या बेटात राहत. खायला होते, सावली होती, भीती कशाचीच नव्हती. तरी वारा पलीकडून आला की हरिणीचे पाय आपोआप ओढ्याकडे वळत. पाण्यात खूर न बुडवता ती काठावर उभी राहायची आणि पलीकडे कोण काय करते आहे ते बघायची. अंधारून आले तरी तिला तिथून हलावेसे वाटत नसे.

पुढे भावाच्या डोक्यावर शिंगे दिसू लागली. तेव्हा हरिणीही रोज सकाळी सागाच्या बुंध्याला कपाळ घासू लागली. आईला आधी हसू आले. मग एकदम तिचे हसू मावळले.

"अगं, आपल्याला शिंगं येत नाहीत."

"कधीच?"

"कधीच."

"मग मी पलीकडे कधी जाणार?"

नियम करायला बसलेले सगळे शिंगवालेच होते, त्यामुळे ही गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

हरिणी टिटवीकडे गेली. टिटवी म्हणाली, "शिंगं दाखव."

"टिटवीमावशी, मला शिंगं येणारच नाहीत."

"मग येतील तेव्हा ये!"

हरिणी म्होरक्याकडे गेली. "आजोबा, माझं काय?" तिने विचारले. म्होरक्याने तिच्या कपाळाकडे पाहिले. म्हणाला, "खरं आहे तुझं. बैठकीत विषय काढतो हं."

त्याच महिन्यात खुद्द म्होरक्याची शिंगे गळाली. चितळांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात, त्यात नवल नाही. पण टिटवीने त्यालाही अडवले! त्याच संध्याकाळी बैठक भरली आणि नियमाला पुरवणी जोडली गेली : ज्यांची शिंगे एकदा वाढून गळली, त्यांना अडवू नये. हरिणीचा विषय तेवढा पुढच्या बैठकीवर गेला. तिथून त्याच्या पुढच्या बैठकीवर. असे करता करता दोन चैत्र आले आणि गेले.

तिसऱ्या चैत्रात भावाच्या शिंगांना तिसरी फांदी फुटली. टिटवीने दोनदा मोजले आणि वाट सोडली. भाऊ एकटाच ऐटीत ओढ्यापलीकडे गेला. हरिणी काठावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो मोहाखाली पोचतो न पोचतो तोच झाडावरचा वानर "खक्! खक्!" करून ओरडला. मोठी चितळे एका उडीत पसार झाली. भाऊ मात्र मान वर करून उभाच राहिला. तेवढ्यात झुडपातून बिबट्याने झेप घेतली. नशीब बलवत्तर म्हणून जीव वाचला, पण भाऊ परत आला तो तीन पायांवर.

"वानर ओरडला तेव्हा तू पळाला का नाहीस?" म्होरक्याने त्याला विचारले.

"मी ऐकलं, आजोबा. पण मला वाटलं, तो फुलं टाकतोय. वानर फुलं टाकतात, एवढंच मला माहीत होतं."

लगेच बैठक भरली. एक जण म्हणाला, "तीन फांद्या कमी पडतात. चार करा!" सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. चितळाच्या शिंगाला चौथी फांदी फुटत नाही, हे त्या गडबडीत कोणाला आठवलेही नाही.

तेव्हा हरिणी न बोलावता बैठकीत शिरली. "आजोबा, दादाला तीन वर्षं जपलंत आणि एका सकाळी एकटं सोडलंत," ती म्हणाली. "आई लहानपणी तिच्या आईच्या पोटाला घासून पलीकडे जायची. वानर ओरडला की तिची आई पळायची, मग हीही पळायची. आम्हाला तसं न्या. चौथी फांदी नको, सोबत हवी."

म्होरक्याने विचारले, "आणि तू परत आली नाहीस तर? एकदा मी ते पाहिलंय, पोरी."

"तर तुम्ही रडाल, आजोबा. पण मी या काठावर उभी राहूनच म्हातारी झाले, तर कोण रडणार आहे?"

म्होरक्याने मान खाली घातली, आणि त्याच दिवशी शिंगांची अट निघाली. पाडसांनी आईच्या कुशीला लागून, कळपाच्या मधोमध चालावे आणि मोठ्यांनी त्यांना रानाचा आवाज न् आवाज ओळखायला शिकवावे, असे ठरले. टिटवी दोन दिवस रुसून बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हरिणीने आईला लागून ओढा ओलांडला. मोहाखाली तिने पहिले फूल तोंडात घेतले आणि डोळे मिटले. आजूबाजूला इवलीशी पाडसे फुलांवर तुटून पडली होती, एकमेकांना ढुशा देत होती, आईच्या पायांमधून पळत होती. हरिणीलाही तसेच हुंदडावेसे वाटले. तिने एक उडी मारूनही पाहिली. पण ती आता उंचीने आईएवढी झाली होती, आणि तिच्या बरोबरीच्या हरिणींचेही खेळायचे वय सरले होते.

म्होरक्या हळूच जवळ आला. "गोड आहे का गं?" त्याने विचारले.

"खूप गोड आहे, आजोबा," हरिणी म्हणाली. "मी लहान असताना यायला हवं होतं."

तात्पर्य : लेकरांना जपायचे असेल तर त्यांच्या सोबतीने चालावे, नुसती वाट अडवल्याने संकट टळत नाही, त्यांची कोवळी वर्षे मात्र निघून जातात.